कोरडा पदर

माझ्या आत्याने आयुष्यात एकदाच रेघ जुळवली नाही. एरवी रेघांच्या शर्टाचा खिसा अंगाच्या रेघेपासून सूतभर सरकला, तरी ती तो उसवायला घ्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो राहू द्या, कोण बघतंय?" तिचं उत्तर ठरलेलं: "मी बघतेय ना." गिऱ्हाईक मुकाट्याने दोन दिवसांनी परत यायचं. गल्लीत तिला सगळे टीपवाली म्हणत. टीप म्हणजे मशीनची शिवण. तिची टीप सुलट बाजूने दिसायची नाही, आणि उलट बाजूने पाहिली तर इतर शिंप्यांना आपले हात लपवावेसे वाटत.

तिचं दुसरं वेड कापड पुरवण्याचं. अडीच मीटरचं काम ती सव्वादोनमध्ये बसवायची आणि उरलेल्या पाव मीटरात कोणाच्या तरी बाळाचं झबलं काढायची. "कापायला कोणीही कापतं, पुरवायला अक्कल लागते," हे मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन. तिचं लग्न झालं होतं, दीड वर्षात मोडलं. का मोडलं असं कोणी विचारलंच तर ती "माप चुकलं" म्हणायची आणि दोरा दाताने तोडायची. नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हती ती. आणि चूक तर तिच्या हातून होतच नसे; निदान झालेली कोणी पाहिली नव्हती.

आजी-आजोबा लवकर गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि माझे बाबा अकरा वर्षांचे. तिने शिवणकाम करून त्यांना वाढवलं. पुढे ते प्लंबर झाले म्हणून ती त्यांना 'नळ्या' म्हणायची, आणि पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला तो माणूस "काय गं ताई?" म्हणून ओ द्यायचा. माझी आई गेल्यावर घरात बाबा आणि मी, दोघंच. मी औषधांच्या दुकानात काम करते. तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पण आमच्या घरात मीठ कुठे ठेवायचं हेसुद्धा तीच ठरवायची.

घर गल्लीच्या टोकाला होतं. मागे मातीचा उंच बांध आणि बांधावरून मोठा रस्ता. आमच्या छपरापेक्षा उंचावरून बसची चाकं जायची. बांधाची माती चिकण. पावसात पाणी पिऊन फुगायची, उन्हात तडकायची. रस्ता दरवर्षी खचायचा आणि दरवर्षी त्याला डांबराचं ठिगळ लागायचं. मी शाळेत असताना गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बांधाचा एक लचका भर दुपारी खाली आला आणि एका घराची न्हाणी त्याखाली गाडली गेली. आत कोणी नव्हतं, म्हणून लोक ती गोष्ट हसत हसत सांगत. पावसाळ्यात मात्र कोणी तिचं नाव काढत नसे.

मग एका वर्षी तो रस्ता उकरून नव्याने बांधायचं ठरलं. मातीवर आधी एक कापड अंथरायचं, त्यावर खडी, खडीवर रस्ता. कापड काळं, जाड, गोणपाटासारखं, आणि त्यात ओळीने निळे धागे विणलेले. मजुरांच्या हातून त्याचे सांधे नीट जुळत नव्हते, म्हणून दुसऱ्या आठवड्यात मुकादम आत्याला बोलवायला आला. तयार कपड्यांच्या दुकानांनी तिचं गिऱ्हाईक तोवर निम्म्यावर आणलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती डोक्याला रुमाल बांधून, हातात धरायचं शिवणयंत्र घेऊन, बांधावर गुडघ्यांवर सरकत टीप मारू लागली. इंजिनियर बाईंनी कामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना कापड कसं टाकायचं ते समजावलं होतं. आत्या तेव्हा नव्हती. तिला मुकादमाने एवढंच सांगितलं, "कापड मातीतलं पाणी पितं आणि कडेने बाहेर टाकतं. तुम्ही फक्त शिवा."

कापडाची कड बांधाच्या उतारावर उघडी सोडायची होती. तिथे वारा लागून पाणी उडून जातं, की धागा मागचं पाणी पुढे ओढतो, कंदिलाची वात रॉकेल ओढते तसं. आत्या त्या कडेला पदर म्हणायची. आठवडाभरात मुकादमापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे "पदर सोडा, पदर सोडा" म्हणून ओरडू लागले. एकदा तिने त्या कापडाची वीतभर पट्टी घरी आणली, ग्लासात शाईचं पाणी घेतलं आणि पट्टीचं एक टोक आत, एक बाहेर ठेवलं. पाणी आपोआप वर चढलं, काठ ओलांडून पलीकडे टपटपू लागलं. बाबा खाली वाकून बघत राहिले. "पाइप नाही, पंप नाही! ताई, आम्ही आता काय भजन करायचं?" आत्याला इतकी खूश मी क्वचितच पाहिली होती.

काम दोन्ही टोकांकडून चाललं होतं, आणि दोन्हीकडची कापडं भेटायची ती जागा नेमकी आमच्या घराच्या वर. मध्ये सात पावलांची फट राहिली आणि कापड संपलं. मुकादम म्हणाला, "गोदामातून नवा रोल आणतो, फोडू." सात पावलांसाठी अख्खा रोल! आत्याचा जीव तीळतीळ तुटला. रस्ता जिथे अरुंद होता तिथे कापडाच्या कडेचे लांब पट्टे कापले गेले होते. ते तिने गुंडाळून जपून ठेवले होते. तिने ते आणले, आडवे टाकले, आणि रस्त्याच्या मध्यापासून पदरापर्यंत ते तंतोतंत पुरले. एकाला एक जोडून तिने टीप मारली.

मी तिचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. सगळीकडे निळी रेघ रस्त्याला आडवी होती, आणि या एका तुकड्यात ती वळून रस्त्याच्या दिशेने धावत होती. मीच म्हणाले, "आत्या, रेघ फिरली की." ती हसली. "मातीखाली कोण बघतंय?" मला जरा नवल वाटलं, पण मीही हसले. मुकादम तर हात जोडायच्या बेतात होता. रोल वाचला होता. इंजिनियर बाई त्या दिवशी दुसऱ्या कामावर होत्या. तासाभरात खडीचा ट्रक आला.

पुढच्या पावसाळ्यात दोन आठवडे संततधार लागली. बांधाच्या उतारावर कापडाचा पदर ओला होऊन काळाभोर झाला, त्यातून थेंब ठिबकू लागले. नजर जाईल तिथवर ती ओली ओळ दिसायची. फक्त आमच्या घरावरची सात पावलं कोरडी. गल्लीतले लोक मुद्दाम बघायला येत. शेजारची वहिनी म्हणाली, "सख्ख्या भावाला सुका पदर आणि आम्हाला ओला? कुठेतरी पाणी मुरतंय हं, टीपवाली!" आत्या नुसती हसली, पण ते बोलणं तिला आवडलं होतं.

बाबांची छाती तर फुगली होती. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी सांध्यांवरून बोट फिरवून कामं तपासली होती. बोट कोरडं तर काम पक्कं, हा त्यांचा कायदा. ते शिडी लावून बांधावर चढले, पदरावरून बोट फिरवलं आणि खालच्या लोकांना दाखवलं. "बघा! टिपूस नाही. माझ्या ताईचं काम आहे ते." लोकांनी मान डोलावली. मीही डोलावली.

मग एका दुपारी, बाबा कामावर असताना, आत्या आली आणि म्हणाली, "दोन ग्लास दे." तिच्या पिशवीत त्या कापडाचा तुकडा होता. तिने त्यातून दोन पट्ट्या कापल्या. एक निळ्या रेघेच्या लांबीत, दुसरी रेघेला आडवी. दोन्ही शाईच्या पाण्यात सोडल्या. आम्ही ओट्यापाशी उभ्या राहिलो. थोड्याच वेळात पहिली पट्टी टपटपू लागली. दुसरीत पाणी बोटभर चढलं आणि थांबलं. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, ते तिथून हललं नाही.

"म्हणजे आपल्या वरचं पाणी?" मी विचारलं.

"वरच आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांचं पदराने बाहेर पडतंय. आपलं मातीत बसलंय. आणि रोज भर पडतेय."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. तिने दोन्ही ग्लास स्वतः घासले, पुसले, फळीवर ठेवले. "नळ्याला इतक्यात बोलू नकोस. मी आधी बाईंना सांगते, मग त्याला. माझं मी सांगते." मी हो म्हणाले. त्या दिवशी एकवीस तारीख होती.

बावीस तारखेला ती आमच्याकडे जेवायला होती. जेवताना दोनदा उठून मागच्या भिंतीवर हात ठेवून आली. तेवीसला इंजिनियर बाई वही घेऊन पदराची पाहणी करत आल्या आणि आमच्या घरावर थांबल्या. आत्या आणि मी अंगणात होतो. त्यांनी वरूनच विचारलं, "इथेच कोरडं कसं?"

मी आत्याकडे बघितलं. आता बोलेल, मला वाटलं.

"इथे वारा जास्त लागतो, मॅडम. लगेच सुकतं."

"वारा?"

"गल्लीचं टोक ना."

बाईंना ते पटलेलं दिसलं नाही. वहीत काहीतरी लिहून त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात उकरून बघते," आणि पुढे गेल्या. मी आत्याचा दंड धरला. "अगं, का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगते. आज तोंडच उघडलं नाही." मला तिचा संताप आला होता, आणि तरी मला ती कळत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळीस वर्षं झाकलेली मूठ कोणाला सहज उघडवत नाही. पण तोंड मलाही होतं. बाई अजून पन्नास पावलांवर होत्या, मी हाक मारली असती तर वळल्या असत्या. मी आत जाऊन भांडी आवरली.

दुसऱ्या सकाळपासून आत्या रोज मोजायची टेप घेऊन येऊ लागली. बांधाच्या पायथ्याशी एक विटेचा तुकडा होता, तिथपासून आमच्या मागच्या भिंतीपर्यंत ती टेप ताणायची आणि आकडा बघायची. बाबांनी विचारलं, "काय मापतेस?"

"पडदा शिवायचाय."

"मागच्या भिंतीला बाहेरून पडदा?"

"तू तुझे नळ बघ."

बाबा हसत कामावर गेले. मी टेपवरचा आकडा वाचला. एकशे ब्याऐंशी सेंटीमीटर. दुसऱ्या दिवशी एकशे एक्क्याऐंशी, तिसऱ्या दिवशी एकशे एकोणऐंशी. ती टेप गुंडाळून पिशवीत टाकायची आणि मी आत जाऊन कामाला लागायचे.

मग तिने बहाणे सुरू केले. "नळ्या, माझा गुडघा धरलाय. दोघं चार दिवस माझ्याकडे राहायला या."

"गुडघ्याला प्लंबर काय करणार? पोरीला ने."

"दोघं या म्हटलं ना!"

"अगं, गल्लीत सगळ्यांत सुकं घर माझं. ते सोडून तुझ्या गळक्या खोलीत येऊ?"

ती इतकी ओरडली की शेजारची वहिनी दारात आली. बाबाही ओरडले. आत्या चपला घालून निघून गेली, आणि बाबा मला म्हणाले, "म्हातारी होत चाललीय गं." मी मान खाली घालून ताटं उचलली. त्यांना एकटं सोडून आत्याकडे जावंसं वाटलं नाही, आणि कारण सांगावंसंही वाटलं नाही.

मागचं दार खाली घासू लागलं. बाबांनी रंधा मारला. म्हणाले, लाकूड फुगलंय. दोन दिवसांनी ते वर अडकू लागलं. स्वयंपाकघरातली एक फरशी कडेने उचलली गेली, पाय टाकला की कट्ट वाजायची. वरच्या रस्त्यावर नखाने ओरखडावं तशी बारीक वाकडी चीर पडली होती, आणि बांधावरचा विजेचा खांब आमच्याकडे कलला होता. पदर मात्र कोरडाच. बाबा रोज कामावर जाताना त्याच्याकडे बघून समाधानाने मान हलवायचे.

तीस तारखेला टेपवर एकशे अडुसष्ट आले. आत्याने टेप गुंडाळली नाही, तिथेच मातीत टाकली आणि तशीच चालत इंजिनियर बाईंच्या ऑफिसात गेली. तिचं ऐकताच बाईंनी आधी फोन उचलला. तासाभरात रस्ता बंद झाला, वर अडथळे लागले आणि बाई स्वतः आमच्या दारात आल्या. "पाच मिनिटांत घर रिकामं करा."

बाबा दुपारच्या जेवणाला घरी आलेले होते. ते ताटावरून उठलेच नाहीत. "मॅडम, सगळ्यांत पक्कं काम इथलं आहे. माझ्या ताईने शिवलंय."

आत्या बाईंच्या मागे उभी होती. ती पुढे आली. "नळ्या, मी चुकले. रेघ उलटी टाकली मी."

बाबा हसले. खरंच हसले, असला शब्द त्यांनी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता, त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. हात न धुता त्यांनी हत्यारांची पेटी उचलली, माझं मनगट धरलं आणि आम्ही बाहेर पडलो. बाईंनी शेजारची चार घरंही रिकामी करवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला बांध खाली आला. आम्ही अडथळ्यापलीकडे उभे होतो. मोठा आवाज होईल असं मला वाटत होतं, पण ओल्या कपड्यांचं गाठोडं टाकावं तसा मऊ धप्प आवाज झाला, एकामागून एक, बराच वेळ. आधी मागची भिंत आत वाकली, मग छप्पर हळूच खाली बसलं. फाटलेल्या बांधातून काळं कापड बाहेर लोंबत होतं. माती सुटली होती, खडी सुटली होती, टीप कुठेही उसवली नव्हती. आत्या तिकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

आम्ही तिच्याच दोन खोल्यांत राहायला गेलो. बाबा तिच्याशी किती चांगलं वागले म्हणून सांगू! ती रडली की म्हणायचे, "घर काय, पुन्हा बांधू. तू सांगितलंस म्हणून जीव वाचले ना?" भेटेल त्याला सांगायचे, "चूक कोणाच्या हातून होत नाही? पण कळल्याबरोबर धावत गेली माझी ताई." आत्या ते ऐकून आतल्या खोलीत निघून जायची.

तीन आठवड्यांनी चौकशीचे कागद आले. घरमालक म्हणून बाबांनाही त्यावर सही करायची होती. त्यात आत्याचा जबाब होता. बाबा चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचत होते. बोट एका जागी थांबलं.

"एकवीस तारखेला कळलं होतं तुला?"

"हो," आत्या म्हणाली.

"बावीसला तू आमच्याकडे जेवलीस."

"हो."

"आणि तो पडदा..."

बाबांनी चष्मा काढला. मला वाटलं ते ओरडतील, पण त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "घराचं नाही गं मला, ताई. नऊ दिवस तू मला तिथे झोपू दिलंस. माझं सोड. हिला झोपू दिलंस." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "या पोरीचा तरी विचार करायचास."

आत्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्याला डोळा भिडला, आणि तिने नजर काढून घेतली. "चुकलं," ती म्हणाली.

बाबा सही करायला पेन शोधत होते तेव्हा मी तो जबाब उचलून वाचला. त्यात सगळं खरं लिहिलं होतं. पट्टे, रोल, वारा लागतो म्हणून सांगितलं ते, तारखा. एकच वाक्य खोटं होतं. 'कापडाची परीक्षा मी माझ्या घरी, एकटीने केली.'

त्याच संध्याकाळी बाबांनी भाड्याची खोली बघितली. त्याला आता चार वर्षं झाली. त्यांनी आत्याच्या दारात पाऊल टाकलेलं नाही. ती शिवत नाही. मशीन कोणाला तरी देऊन टाकलं. मी दर रविवारी जाते, तिची औषधं देते, ती चहा करते. तिने मला एकदाही म्हटलं नाही की, तू तरी त्याला सांग. मीच एकदा विषय काढला तर म्हणाली, "त्याला एकच माणूस उरलंय आता. ते राहू दे."

गेल्या रविवारी मी तिच्याकडून परत आले तेव्हा बाबा जागच्या जागी बसून होते. ती कशी आहे ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "तू तर रोज तिच्याबरोबर असायचीस. तुला कधी शंकासुद्धा आली नव्हती का गं?"

मी नाही म्हणाले.